संध्याकाळी पाच वाजता नाक्यावर



आज सामान्य काळातील पंचविसावा रविवार. आजच्या शुभवर्तमानात (मत्तय २०:१-१६) प्रभू येशू द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त सांगतो. धनी पहाटे मजूर आणायला बाहेर पडतो. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि शेवटी संध्याकाळी पाच वाजता तो पुन्हा चौकात जातो. सूर्यास्ताला तासभर उरला असतानाही तेथे काही माणसे उभीच असतात. दिवस संपल्यावर धनी त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो.

या दृष्टान्तावर प्रवचन करताना आम्ही आजवर सकाळपासून राबलेल्या मजुरांच्या कुरकुरीविषयीच बोलत आलो. पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्यांचा दिवस कसा गेला असेल, याचा विचार आम्ही क्वचितच केला. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी आम्हाला तो करायला लावला. त्यांच्याच परवानगीने ही हकिगत लिहीत आहोत.

हे गृहस्थ आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी अकराच्या सुमारास चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसत. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. जाता-येता आम्ही त्यांना पाहत होतो आणि 'केवढी ही भक्ती!' असे मनात म्हणत होतो. तीन आठवडे आम्ही त्यांच्याजवळ गेलो नाही. एके दिवशी जोराचा पाऊस होता. त्यांनी बॅगेतून डबा काढला आणि मान खाली घालून जेवू लागले. तेव्हा कुठे आम्ही विचारले, "आज सुट्टी आहे का?"

त्यांचे वय एकावन्न. एका खासगी कंपनीत सव्वीस वर्षे नोकरी. विभाग बंद झाला आणि त्यांना घरी पाठवले. घरी मात्र त्यांनी काहीच सांगितले नव्हते. रोज सकाळची नेहमीची गाडी पकडायला ते घराबाहेर पडत. कधी फलाटावर, कधी बागेत, कधी चर्चमध्ये दिवस काढत आणि संध्याकाळी घरी परतत. मुदत ठेव मोडून महिन्याच्या पहिल्या तारखेला 'पगार' घरखर्चाच्या खात्यात भरत. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "फादर, तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?" असे त्यांनी विचारले. आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते.

बंधू-भगिनींनो, आपल्या वसईत अशी घरे आणखीही आहेत. नोकरी गेलेल्या भगिनीही आहेत, पण 'नवऱ्याचा पगार आहे ना' असे म्हणून त्यांचे दुःख आपण दुःखातच धरत नाही. पन्नाशीतील माणसाची नोकरी जाते तेव्हा केवळ पगार जात नाही. गाडीतला ग्रुप जातो, ओळखपत्र जाते, लग्नाकार्यात 'सध्या कुठे?' या प्रश्नाला द्यायचे उत्तर जाते. पंचविशीतल्या मुलाला लोक धीर देतात. पन्नाशीतल्या माणसाकडे मात्र, त्यानेच काहीतरी केले असावे, अशा नजरेने पाहतात. मग तो लपतो. लपलेला माणूस एकटा पडतो, आणि एकट्या पडलेल्या माणसाला दारूचा गुत्ता लवकर सापडतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'द्रव्य' आणि 'गुण' हा भेद आम्ही पाठ केला होता. वस्तू मुळात काय आहे ते द्रव्य. तिचा रंग, आकार, जागा हे गुण. गुण बदलले तरी वस्तू तीच राहते. परीक्षेत आम्हाला यावर चांगले गुण मिळाले. पण त्याचा खरा अर्थ त्या शेवटच्या बाकावर कळला. 'सीनियर अकाउंटंट' हा त्या गृहस्थांचा गुण होता. देवाने आपल्या प्रतिरूपात निर्माण केलेला माणूस हे त्यांचे द्रव्य. कंपनीला पहिले काढून घेता आले, दुसरे कोणालाच काढून घेता येणार नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झर्सेन्स' हे परिपत्रक लिहिले. त्यात त्यांनी हेच शिकवले आहे की, कामाला मोल येते ते काम करणाऱ्या माणसामुळे. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. त्याच परिपत्रकात त्यांनी बेकारीला स्पष्ट शब्दांत अनिष्ट म्हटले आहे. म्हणजे 'देवाची इच्छा' म्हणून बेकारी गिळून टाकावी, असे चर्च शिकवत नाही.

आता पुन्हा दृष्टान्ताकडे वळू या. आपल्या स्टेशनबाहेर सकाळी नाका कामगार उभे असतात. कोणाच्या हाती थापी, कोणाच्या हाती रंगाचा ब्रश. येशूच्या काळचा बाजारचौक म्हणजे असाच नाका. नऊ-दहा वाजले की ज्याला काम मिळाले नाही तो घरी परततो. पण दृष्टान्तातील ती माणसे संध्याकाळी पाचपर्यंत तेथेच उभी राहिली. ती आळशी नव्हती. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. आणि ती लपली नव्हती, म्हणूनच धन्याला दिसली. धन्यानेही एकदा जाऊन समाधान मानले नाही. तो पाच वेळा गेला. शिवाय त्याने विचारले. आम्ही तीन आठवडे जे विचारले नाही, ते त्याने तेथल्या तेथे विचारले.

आजचे शुभवर्तमान आपल्याला या दोन गोष्टी सांगते. ज्याची नोकरी गेली आहे, त्याने नाक्यावर उभे राहावे. आणि ज्याची नोकरी आहे, त्याने नाक्यावर जाऊन विचारावे.

नाक्यावर उभे राहणे म्हणजे प्रथम घरात खरे बोलणे. त्या गृहस्थांनी त्याच रात्री पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "मला शंका होतीच. गाडीतल्या गर्दीची तक्रार तुम्ही महिनाभर केली नाही." मुलगी रडली, पण दुसऱ्या दिवशी वडिलांचा बायोडाटा तिनेच टाइप करून दिला.

दुसरे, कागदपत्रे. कंपनी राजीनामा मागते तेव्हा घाबरून त्याच तासाला सही करू नका; जाणकाराला दाखवा. राजीनामा आणि छाटणी यांत कायद्याने फरक आहे. किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तींना हा नियम लागू होत नाही. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी वेगळी मिळते. पीएफची पेन्शन ५८ व्या वर्षाआधी घेतली तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के कापले जातात आणि ही घट कायमची असते. म्हणून घाई करू नका. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा नोकरीबरोबरच संपतो, तेव्हा स्वतःचा विमा लगेच पाहा. आणि हाती आलेली रक्कम लग्नाच्या मांडवात किंवा 'दुप्पट' देणाऱ्याच्या हाती घालू नका.

तिसरे, गेलेल्या नोकरीची वाट पाहत बसू नका. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरणीचा भोंगा उद्या वाजेल, या आशेवर कितीतरी घरांनी वर्षे काढली. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य भेटते. सम्राट क्लौद्य याच्या हुकुमाने त्यांना रोम सोडावे लागले. ती दोघे करिंथ येथे आली आणि तेथे राहुट्या करण्याचा आपला व्यवसाय त्यांनी चालू ठेवला. त्याच घरात त्यांनी संत पौलाला आसरा व काम दिले. शहर गेले, पण हातातले कसब त्यांच्याबरोबर आले. तुमचेही आले आहे. आमचे ते गृहस्थ आज दोन दुकानांचे हिशेब लिहितात. मिळकत पूर्वीच्या निम्मीही नाही. मुलीची फी कर्ज काढून भरली आहे. सारे काही ठीक झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण ते आता शेवटच्या बाकावर लपून बसत नाहीत.

आणि नोकरी असलेल्या आम्हा-तुम्हांसाठी. धन्याने पाच वाजताच्या मजुरांना पूर्ण मजुरी का दिली? घरी चूल पेटायला तेवढीच लागत होती म्हणून. माणसाची गरज त्याच्या कामाच्या तासांवरून ठरत नाही. तेव्हा मिस्सानंतर पटांगणात 'काय, अजून घरीच का?' असे विचारू नका. 'माझ्याकडे काय करता येईल?' असे विचारा. दुकान असेल तर हिशेब द्या, ओळख असेल तर शब्द टाका. पहिल्यांदा जमले नाही, तर धन्यासारखे पुन्हा जा. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांशी आम्ही बोललो आहोत. दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही कार्यालयात बसू. ज्यांना काम हवे ते आणि ज्यांच्याकडे काम आहे ते, दोघांनीही यावे. नावे फळ्यावर लावली जाणार नाहीत.

आज कम्युनियनसाठी रांगेत उभे राहाल तेव्हा एक पाहा. त्या रांगेत कोणाला पगार विचारला जात नाही, पद विचारले जात नाही. पहाटेपासून आलेल्याला आणि पाच वाजता आलेल्याला एकच भाकर मिळते. त्या भाकरीने आपल्याला धन्याचे डोळे द्यावेत, म्हणजे शेवटच्या बाकावरचा माणूस तीन आठवडे आपल्या नजरेतून सुटणार नाही. आमेन.

तुमचे प्रमुख धर्मगुरू