सवयीची मक्तेदारी

रायपूरच्या समता कॉलोनीत एखाद्या सीएच्या कार्यालयात जाऊन विचारा, विंडोजऐवजी लिनक्स का नाही वापरत? लिनक्स फुकट, विंडोजला पैसे. व्यापारी माणसाने एवढ्यावर निर्णय घ्यायला हवा. तो घेतोही, पण उलटा. टॅली विंडोजवर चालते, जीएसटीचं ऑफलाइन टूल विंडोजसाठीच आहे, नवीन लागलेल्या मुलाला विंडोजच येतं. विषय संपला.

इथे कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही, म्हणूनच हा विषय अवघड होतो. गिऱ्हाईक जिकडे, तिकडे प्रोग्राम लिहिणारे. आणि प्रोग्राम जिकडे, तिकडे गिऱ्हाईक. अमेरिकी सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तेव्हा न्यायमूर्ती थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी याच चक्रावर बोट ठेवलं होतं. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा त्यांचा आदेश २००१ मध्ये अपिलात रद्द झाला. मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका मात्र बऱ्याच अंशी तसाच राहिला.

तरी मी मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मित्रांसारखा या वर्चस्वाला सरसकट शिव्या घालणार नाही. महाराष्ट्रात २००१ नंतर गावोगावी एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, आणि तिथे लाखोंचा हात बसला तो विंडोजवर. लातूरला शिकलेली मुलगी लग्न होऊन रायपूरला आली, तर पहिल्याच दिवशी कामाला लागते. संगणक एकदा शिकायचा आणि कुठेही पोट भरायचं, ही सोय लहान नाही. दहा प्रणाली दहा ठिकाणी असत्या, तर तिला दहादा शिकावं लागलं असतं.

पण हीच सोय आपल्याला देवनागरीत फार महागात पडली. विंडोज ९५ आमच्या टेबलांवर आलं, त्यात देवनागरी नव्हती. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ पासून तयार होतं. विंडोजमधली ही उणीव पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीने आणि सी-डॅकच्या सॉफ्टवेअरांनी भरून काढली. त्यांतल्या फाँटांची युक्ती साधारण एकच: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. रायपूरच्या मराठी घराला याचा दुहेरी फटका. हिंदी अर्ज कृतिदेव फाँटमध्ये, मंडळाचा मराठी अहवाल श्रीलिपीत. लिपी एकच, पण एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता कचरा. दिवाळी अंकांच्या छापखान्यांत या गोंधळाने किती रात्री खाल्ल्या, हे जुळारी सांगतील.

यातून सुटका केली ती युनिकोडने, कुणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या मानकाने. विंडोज २००० मध्ये ते मंगल फाँटसह आलं आणि पुढे त्याच वर्चस्वाच्या पाठीवर बसून घरोघरी पोचलं. श्रेय द्यायचं तर दोघांना द्यावं लागेल. मात्र मधल्या वर्षांत आपण ताटकळलो, कारण विकणाऱ्याला घाई नव्हती आणि घेणाऱ्याला दुसरं दुकान नव्हतं.

मोबाइलवर तर किमतीचा हिशेबच उरला नाही. छत्तीसगड सरकारने २०१८ मध्ये संचार क्रांती योजनेत बायकांना स्मार्टफोन वाटले. अँड्रॉइडसाठी त्यांच्याकडून कुणी वेगळा रुपया मागितला नाही. फुकट मिळालं, मग नुकसान कसलं? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याचं उत्तर दिलं आणि गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. प्ले स्टोअर हवं असेल तर फोन बनवणाऱ्याने गूगलच्या ॲपचा अख्खा संचच घ्यायचा, यावर आयोगाचा मुख्य आक्षेप होता. अपील न्यायाधिकरणाने पुढच्या मार्चमध्ये काही निर्देश रद्द केले, दंड कायम ठेवला. ग्राहकाचं नुकसान पावतीवर दिसत नाही; जे ॲप कधी त्याच्यासमोर आलंच नाही, त्यात ते असतं.

विंडोजमुळे होणारं नुकसान मात्र आता पावतीवरही दिसेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. कितीतरी धडधाकट जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. लिनक्स त्यांवर आरामात चालेल, पण मग टॅलीचं काय, आणि जीएसटीच्या टूलचं काय? टॅली खासगी कंपनीची आहे, तिने काय करावं हे तिचं तिने ठरवावं. कराचं टूल सरकारी आहे. विवरणपत्र भरण्याची सक्ती करणाऱ्यानेच ते एका कंपनीच्या प्रणालीपुरतं ठेवावं, हे मला पटत नाही. केरळने शाळांतून लिनक्स शिकवून दाखवलं. इथे तर तेवढंही नको, तेच टूल लिनक्सवर चालेल असं करून द्यायचं आहे. त्यासाठी ना खटला लागतो, ना आयोग.