झुकलेला माथा

अग्नीच्या साक्षीने शिष्याला वैद्यविद्येची दीक्षा देताना आचार्य ज्या अटी घालतात, त्या चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात आल्या आहेत. रुग्णाच्या घरी ओळखीच्या व परवानगी मिळालेल्या माणसासोबत, मस्तक लववून प्रवेश करावा, आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी आणि इंद्रिये रुग्णाच्या हितावाचून अन्यत्र गुंतू देऊ नयेत, आणि त्या घरातली गोष्ट बाहेर फोडू नये, असा त्यांचा आशय. मस्तक आजच्या निवासी डॉक्टरचेही लवलेले असते, मात्र मोबाईलवर.

दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरला पाचारण करायचे म्हणजे पूर्वी कॉल-बुकात मजकूर लिहून ते वॉर्डातल्या शिपाई मामांच्या हाती रवाना करावे लागे. आता युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रक्ताचा रिपोर्ट आणि एक्स-रेचे छायाचित्र क्षणात दाखल होते, आणि रात्री दोनला घरी असलेल्या वरिष्ठांचा सल्ला पहिल्या वर्षाच्या पोराला वेळेवर मिळतो. या सोयीला नाके मुरडणाऱ्याने एक रात्र तरी त्या वॉर्डात तैनात राहावे. गुप्ततेची ओरड मला अर्धीच पटते. २०१६ पासून हे संदेश वाटेत कुलूपबंद असतात. परंतु कुलूप वाटेला आहे, मुक्कामाला नाही, आणि कोणाची तरी उघडी जखम डॉक्टरच्या मोबाईलमध्ये भाचीच्या बारशाच्या फोटोंशेजारी पडून राहते.

खरा प्रश्न मनाचा आहे. शारीरस्थानात चरकाने मनाचे दोन गुण सांगितले, अणुत्व आणि एकत्व. नैयायिकांनी तर दोन ज्ञाने एकाच क्षणी उपजत नाहीत, यालाच मनाच्या अस्तित्वाचे गमक मानले. तसे असेल तर नाडीवर बोटे ठेवून संदेश वाचणाऱ्याची बोटे तेवढी तिथे आहेत, वैद्य नाही. यावर कोणी म्हणेल, संदेश त्याच रुग्णाचा असला तर मन अन्यत्र गेलेच कुठे? शब्दार्थाने प्रतिज्ञा अबाधित राहते, हे मान्य करावे लागेल. पण डॉक्टर आपला रिपोर्ट वाचतो आहे की मित्राची थट्टा, हे खाटेवरच्या म्हाताऱ्याने कशावरून ओळखावे?

एका तरुण डॉक्टरला मी पाहिले आहे. संदेश आला की तो पडदा रुग्णाकडे वळवी, "आजोबा, तुमच्याच रक्ताचं आलंय, सर म्हणतात उद्या उठून बसवा," एवढे सांगे, आणि मोबाईल एप्रनच्या खिशात टाकून नाडी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे.