‘मानधनाचं तुम्ही बघालच’ म्हणजे काय?

तुझं सगळं ऐकून घेतलं. संपादक फोन उचलत नाहीत, मानधन आलेलं नाही, दुसऱ्या एकाने तुझा लेख न विचारता पुस्तकात घातला, घरचे म्हणतात नोकरी बघ. आता माझं ऐक. आणि मध्ये बोलू नकोस.

त्या संपादकांना लेखासोबत काय लिहिलंस, ते तूच आत्ता मला मोबाईलवर दाखवलंस. ‘लेख जोडत आहे. मानधनाचं तुम्ही बघालच.’ किती देणार, कधी देणार, लेख एकदाच छापणार की पुढे आणखी कुठे वापरणार, यातलं एक अक्षर नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलंस आणि आता ताक मिळालं नाही म्हणून माझ्यासमोर रडतोयस. तुमच्याकडे नळ दुरुस्त करायला येणारा माणूस पान्याला हात लावायच्या आधी पैसे किती होतील ते सांगतो. त्याला कुणी हावरट म्हणतं का? मग तुलाच कोण म्हणणार आहे?

तू म्हणतोस, भीड वाटते. मी तुला वर्गात शिकवलंय, मला तुझी भीड ठाऊक आहे. ती पैशाची नाही, उशिराची आहे. श्रावण संपायच्या आत द्यायचा लेख तू गणपती उठल्यावर दिलास, तोही मध्यरात्री आणि पुन्हा न वाचता. असं काम हातावर ठेवणाऱ्याची मान खाली असते. खाली मान घालून दर विचारता येत नाही, म्हणून तू ‘तुम्ही बघालच’ लिहून मोकळा झालास. वेळ पाळणं आणि पैसे मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तू धरून चालला आहेस. त्या एकच आहेत. आपलं लिखाण हे काम आहे असं तू स्वतःच मानत नाहीस. मग ते दुसऱ्याने का मानावं?

लेखाची प्रत काढ. विषय दिवाळी अंकांचा. पहिल्या पानावर ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा, आणि चौथ्या पानावर तोच अंक १९०५ चा! १९०९ बरोबर आहे, म्हणजे तुला माहीत होतं. मग चौथ्या पानावर काय झालं? काशिनाथ रघुनाथ मित्र हे नाव एका जागी बरोबर, दुसऱ्या जागी ‘मित्रा’. ज्या संपादकाने मराठीत दिवाळी अंकाची प्रथा पाडली, त्याचं नाव त्याच प्रथेवरच्या लेखात चुकतं? एकदा मोठ्याने वाचला असतास तर दोन्ही चुका कानाला लागल्या असत्या.

शिवाय तुझ्या उशिराचा भुर्दंड कुणाला पडतो, याचा कधी विचार केलास? अंक फर्म्या-फर्म्याने छापला जातो, बहुधा सोळा पानांचा एक फर्मा. त्यातली सहा पानं तुझ्यासाठी रिकामी ठेवली की उरलेली दहाही अडकतात. चित्रकार मजकुराची वाट बघत बसतो. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचं दोन दिवसांचं काम एका रात्रीवर येतं. छापखान्यातली पाळी हुकली की तिथे दुसऱ्याचा अंक चढतो, आणि बाइंडरकडे रांग असतेच. दिवाळी मात्र कुणासाठी थांबत नाही. वसुबारसेला अंक स्टॉलवर नसला तर पुढच्या वर्षी जाहिरात कोण देईल? आणि त्या बाई पानामागे पैसे घेतात, चित्रकार चित्रामागे. तेही तुझ्यासारखेच मुक्त व्यावसायिक आहेत. त्यांच्या झोपेवर तू आपला मोकळेपणा उपभोगलास, याची तुला लाज वाटली पाहिजे.

आता तो दुसरा कागद, ज्यामुळे लेख पुस्तकात गेला. ‘लेखाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी.’ खाली तुझी सही. वाचलास? नाही. फोनवर आला, बोटाने सही केलीस, परत पाठवलास. मग ‘न विचारता’ कसं? विचारलं होतं की! तू वाचलं नाहीस.

कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनी तो परका समजून बाजूला ठेवलाय. नीट ऐक. नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते, मोबदला किती, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणजे तू नुसता गप्प राहिला असतास तरी कायद्याने तुझी बाजू राखली असती. ‘जगभर’ आणि ‘कायमस्वरूपी’ या दोन शब्दांखाली सही करून ती तू स्वतःच्या हाताने घालवलीस. सिनेमासाठी लिहिणाऱ्या गीतकारांनी, पटकथाकारांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यावर बोलले, तेव्हा २०१२ साली त्यांच्या रॉयल्टीचं संरक्षण कायद्यात आलं. ते भांडले म्हणून त्यांना मिळालं. आणि तुला एक पान वाचायचा कंटाळा!

आणि एखाद्या कंपनीने मानधनातून दहा टक्के कर कापून घेतला म्हणून चिडू नकोस. तो पैसा तुझ्या पॅनवर सरकारात जमा असतो. विवरणपत्र भर, कर लागत नसेल तर परत मिळेल. न भरता बोंब मारू नकोस. सरकारकडे छोटा उद्योग म्हणून उद्यम नोंदणीही करून टाक, तिला पैसे पडत नाहीत. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, पुढे व्याज लागतं. पण त्यासाठी हातात बिल पाहिजे, बिलावर तारीख पाहिजे. तू आजवर एक तरी बिल पाठवलं आहेस का?

पैसे बुडवणाऱ्यांची मी बाजू घेत नाही. छापून आलं हेच मानधन, असं लेखकाला ऐकवणारे संपादक मी पाहिलेत आणि त्यांना तोंडावर सुनावलंही आहे. कागदवाल्याला तसं सांगायची त्यांची छाती होत नाही. पण तू मुकाट्याने फुकट लिहितोस तेव्हा तुझ्यामागून येणाऱ्या मुलीचाही दर पाडतोस, जिच्या घरी कमावणारी ती एकटीच असेल. कुणी पदरमोड करून मासिक चालवत असेल आणि तुला त्याला फुकट लेख द्यायचा असेल, तर आनंदाने दे. फक्त तसं तोंडाने सांगून दे. भिडेपोटी सोडलेल्या पैशाला दान म्हणत नाहीत.

मी एवढं बोलतोय कारण तुला लिहिता येतं. त्याच लेखात रद्दीवाल्याकडे जुने अंक चाळणाऱ्या म्हाताऱ्यांवरचा परिच्छेद आहे ना, तो मी दोनदा वाचला. असं लिहिणारा माणूस पैशाअभावी आणि आळसापायी कुठल्यातरी कचेरीत जाऊन बसला, तर मला वाईट वाटेल, फार वाईट वाटेल.

ऊठ आता. आधी त्या संपादकांना फोन लाव आणि उशिराबद्दल माफी माग, कारणं न देता. दोन्ही चुका दुरुस्त करून सांग, पुढच्या आवृत्तीत तरी बरोबर जाऊ देत. मग मानधनाचा आकडा विचार आणि आजच्या तारखेचं बिल पाठव. एक वही कर: कुणासाठी लेख, किती शब्द, कधी द्यायचा, किती ठरले, कधी आले. पुढच्या वेळी येशील तेव्हा ती वही घेऊन ये. मी लेख नंतर वाचीन, वही आधी बघीन.