कामराग चौथा

धर्म म्हटला की इंद्रियनिग्रह आणि इंद्रियनिग्रह म्हटला की कामवासनेशी झुंज, हे समीकरण आपल्याकडे चांगलेच रुळले आहे. बौद्ध साधनेची वाटही तिथूनच सुरू होत असणार, असे आपण धरून चालतो. पाली सुत्तांत माणसाला भवचक्राशी जखडणाऱ्या दहा संयोजनांची यादी येते. तीत कामराग, म्हणजे विषयसुखाची ओढ, मात्र चौथा आहे. त्याच्याआधी तीन बंधने आहेत आणि त्याच्यानंतर सहा.

आधीची तीन म्हणजे देहमनालाच ‘मी’ मानणारी दृष्टी, मार्गाविषयीची शंका आणि व्रताचारांनीच शुद्धी होते हा हट्ट. ही तुटली की माणूस स्रोतापन्न होतो, म्हणजे मुक्तीच्या प्रवाहात पहिले पाऊल टाकतो. म्हणून मुलानातवंडांच्या गोतावळ्यात रमलेली विशाखा आणि श्रावस्तीचा धनाढ्य सावकार अनाथपिंडिक हे दोघेही संसारात राहून स्रोतापन्न ठरले. कामराग आणि द्वेष पुढच्या पायरीवरच्या सकृदागामीच्या (एकदाच परतणाऱ्याच्या) ठिकाणी विरळ होतात, त्याहून पुढच्या अनागामीच्या (न परतणाऱ्याच्या) ठिकाणी संपतात. इतके झाल्यावर आता सुटण्यासारखे काय उरले, असे कुणालाही वाटेल. यादी मात्र आणखी पाच बंधने सांगते: रूपध्यानाच्या अवस्थेची ओढ, अरूप अवस्थेची ओढ, मान म्हणजे अहंभाव, चित्ताची चलबिचल आणि अविद्या.

या बारकाईचे मूळ बुद्धाच्या स्वतःच्या शोधात दिसते. गृहत्यागानंतर तो आळार कालाम या आचार्याकडे गेला आणि ‘काहीच नाही’ या अनुभवापर्यंत नेणारी समाधी शिकला. उद्दक रामपुत्ताकडे त्याहून सूक्ष्म अशी, संज्ञा आहे की नाही हेही सांगता येऊ नये अशी अवस्था त्याने साधली. विषयसुख या दोन्ही ठिकाणी केव्हाच मागे पडलेले होते. आळाराने त्याला आपल्या बरोबरीने शिष्यगण सांभाळायला सांगितले, उद्दकाकडे तर आचार्यपदच देऊ केले गेले. दोन्ही सोडून तो निघाला, कारण त्या अवस्था कितीही उंच असल्या तरी माणसाला त्याच अवस्थांच्या लोकात जन्माला घालत होत्या, दुःखापलीकडे नेत नव्हत्या. पुढे सारनाथच्या पहिल्या उपदेशात कामतृष्णेच्या शेजारी भवतृष्णा आणि विभवतृष्णा येऊन बसल्या. असत राहण्याची हाव ही तृष्णा, तशीच नाहीसे होण्याची हावही तृष्णाच.

स्थूल वासना लपत नाही. ती अंगाला चटका देते आणि घरच्यांच्याही डोळ्यांवर येते. सूक्ष्म आसक्तीला मात्र लोक नमस्कार करतात. बुद्धाचा शिष्य अनुरुद्ध याने एकदा सारिपुत्त या दुसऱ्या शिष्याला सांगितले, की मी दिव्यचक्षूने सहस्र लोक पाहतो, माझा प्रयत्न अढळ आहे, चित्त एकाग्र आहे, तरी ते आसवांतून, म्हणजे चित्तात मुरलेल्या मळांतून, मुक्त होत नाही. सारिपुत्ताने त्याच्याच वाक्यांवर बोट ठेवले. सहस्र लोक पाहतो हा तुझा मान, प्रयत्न अढळ आहे ही तुझ्या चित्ताची चलबिचल आणि मुक्त होत नाही ही तुझी हळहळ. ज्या गोष्टी अनुरुद्ध कमाई म्हणून मांडत होता, त्याच त्याच्या गाठी होत्या.

कोसंबीजवळ आजारी पडलेल्या खेमक भिक्षूने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांपैकी कशालाही मी ‘हा मी’ म्हणत नाही, तरी ‘मी आहे’ ही भावना गेलेली नाही, अशी त्याची कबुली होती. मळके वस्त्र परटाने खार लावून, शेण लावून स्वच्छ धुतले तरी त्या खाराशेणाचा वास मागे राहतो, असा दाखला त्याने दिला. मळ गेला, पण ज्याने मळ काढला त्याचाच वास चिकटून बसला.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिताना या विचाराला साधकाच्या तपासणीचे रूप दिले. विपश्यना पिकू लागली की प्रकाश दिसतो, प्रीती, शांती, सुख, उपेक्षा उमटतात. या गोष्टी स्वतः दोष नव्हेत. त्यांना बिलगणारी बारीक ओढ हा दोष. तिथे महानाग स्थविरांची कथा येते. साठ वर्षे ते स्वतःला अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, समजत होते. त्यांचा शिष्य धम्मदिन्न याच्या ध्यानात खरी स्थिती आली. त्याने गुरूंना ऋद्धीने एक हत्ती निर्माण करायला सांगितले: कान ताठ, शेपूट उभारलेली, सोंड तोंडात घातलेली, चीत्कार करत अंगावर येणारा. हत्ती धावून येताच स्थविर दचकून पळू लागले. शिष्याने चीवराचा काठ धरून विचारले, आसव क्षीण झालेल्याला भीती असते का? साठ वर्षांची शांती खोटी नव्हती, तिच्यावरून केलेला निष्कर्ष खोटा होता.

आज महाराष्ट्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसणारे थोडे नाहीत. परतल्यावर ‘या वेळी बसणे फार छान झाले’ असे कुणी म्हणाला, की पुढच्या वेळी तेच ‘छान’ हवे असते. न मिळाल्यास चिडचिड होते, आणि न बसणाऱ्यांविषयी मनात किंचित कीवही येते. मात्र सूक्ष्माची चर्चा ही स्थूलातून पळायची वाट होऊ नये. दहांपैकी चौथे बंधन न सोडता शेवटची पाच सुटल्याचे कुठलेही सुत्त सांगत नाही. कामराग पहिला नाही म्हणून त्याला मोकळे सोडू नये, आणि तो शेवटचा नाही म्हणून त्याच्यावरच्या विजयाचा झेंडा मिरवू नये.