ठाव सांगावा की न सांगावा?

गेल्या भाद्रपदात आम्ही एक फूल पाहिले, आणि त्या फुलापायी तीस वर्षांच्या एका मित्राचे व आमचे बोलणे जवळजवळ महिनाभर बंद पडले. फूल रुपयाच्या नाण्याएवढे. मैत्री मात्र वाचकांपैकी पुष्कळांच्या संसारांहून जुनी. एवढ्याशा वस्तूसाठी एवढी मोठी वस्तू पणास लावणे शहाणपणाचे होते काय, असा प्रश्न आमच्या घरातच आम्हांस विचारण्यात आला, आणि त्या वेळी आम्हांस त्याचे धड उत्तर देता आले नाही. पुढील मजकूर म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर होय. ते पुरते आहे असा आमचा दावा नाही.

फुलाचे नाव शिंदळ माकुडी. यातील पहिला शब्द घरंदाज कानांस खटकेल. परंतु डोंगरातल्या माणसांनी ठेवलेल्या नावांस आमच्या दिवाणखान्यातली चाळणी लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातील अधिकारी निकोल डॅल्झेल यास ही वनस्पती जुन्नरच्या परिसरात आढळली, व १८६५ च्या सुमारास त्याने तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानार्थ तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव मिळाले. हाकिमांची नावे फुलांस देण्याची त्या काळी रीतच होती. पुढे शास्त्रज्ञांनी तिला ‘बूसेरोशिया’ या निराळ्या गणात नेऊन बसविले, तरी नावाच्या उत्तरार्धात गव्हर्नरसाहेब आपले टिकून आहेत! साऱ्या जगात ही वनस्पती निसर्गतः फक्त महाराष्ट्रात उगवते. तीही पुणे, सातारा, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतील मोजक्या कड्यांवर. शिवनेरी हे तिचे प्रसिद्ध स्थान. शिवनेरीचे नाव आम्ही निर्धास्तपणे लिहितो, कारण ते शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतही छापलेले आहे. आम्ही ती पाहिली तो कडा निराळा, आणि त्याचे नाव या लेखात येणार नाही.

आम्हांस तेथे नेले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता वनस्पतिशास्त्राचा अध्यापक आहे. आम्ही त्याला तर्कशास्त्र शिकविले होते, व त्याचा त्याला काही उपयोग झाला असेल अशी आमची कधीच समजूत नव्हती. पायथ्याच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ वाट दाखविण्यास पुढे होते. चढणीस लागण्यापूर्वी विद्यार्थ्याने आम्हांस थांबविले आणि म्हटले, “सर, एक वचन हवे. जागा कोणालाही सांगायची नाही. घरीसुद्धा.” आम्ही हसून वचन दिले. वचने हसत देऊ नयेत, हे पुढे कळले.

कारवीच्या ओल्या झुडपांतून दीड तास चढल्यावर काळा, उभा कातळ लागला. पाण्याच्या बारीक धारा त्यावरून ओघळत होत्या. म्हाताऱ्याबाबांनी काठी वर केली. प्रथम आम्हांस काहीच दिसले नाही. दगड, शेवाळ, गवताचे झुपके, एवढेच. मग एका कपारीतून खाली लोंबणाऱ्या, बोटभर जाडीच्या, रसाळ, हिरवट दांड्या दिसू लागल्या. त्यांवर जाडसर पाने. आणि पानांच्या बेचक्यांत ती फुले. पाच पाकळ्यांच्या चांदणीचा आकार, रंग गडद तांबडा, त्यावर पिवळ्या ठिपक्यांची नक्षी, आणि कडेला बारीक लव. तिच्या कुळातील इतर बहुतेक मंडळी पानांवाचून, नुसत्या दांड्यांवर दिवस काढतात. हिने पाने राखली आहेत. उन्हाळ्यात तीही गळतात आणि मग ती दगडाची एखादी भेग असावी तशी दिसते. तिचे परागवहन माश्या करतात. फळ धरणे हा मात्र दुर्मिळ योग. बाबा म्हणाले, “खाली बी व्हती पयली. शेळ्यांनी खाल्ली. वर ऱ्हायली ती शेळीला चढता आलं न्हाई म्हून.” दुर्मिळतेची इतकी थोडक्यात केलेली मीमांसा आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही.

आम्ही तेथे अर्धा तास उभे होतो. त्या अर्ध्या तासात काय वाटले ते सांगण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. असल्या वर्णनांनी मासिके भरतात, वाचक भरत नाही. परतीच्या वाटेवर मनात जे डाचू लागले ते सांगणे अधिक जरुरीचे आहे, कारण विद्यार्थ्याला हवे असलेले वचन आम्ही पूर्वी एकदा, न मागता, मोडून बसलो होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका टेकडीच्या उतारावर आम्हांस कंदीलपुष्पाची एक विरळा आढळणारी जात दिसली होती. कंदीलपुष्प म्हणजे आपल्याकडील खर्पुडीच्या वर्गातली नाजूक वेल. तिच्या नळीसारख्या फुलात चिमुकली माशी शिरते, आतील केसांमुळे अडकते आणि फूल सुकू लागले की सुटते. आनंदाच्या भरात आम्ही एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. टेकडीचे नाव दिले, वाट दिली, वाटेवरच्या देवळाची खूणही दिली. लेखास चित्रमयता यावी म्हणून. पुढल्या श्रावणात गेलो तेव्हा त्या उतारावर सात खड्डे होते. कंदासकट वेली गेल्या होत्या. कोणी नेल्या हे कळण्यास मार्ग नव्हता, आणि ते शोधण्यात अर्थही नव्हता. नकाशा आम्ही काढून दिला होता.

म्हणून जेव्हा त्या मित्राने फूल पाहिल्याची बातमी ऐकून दूरध्वनीवर पहिलाच प्रश्न “कुठे?” असा केला, तेव्हा आम्ही सांगण्याचे नाकारले. मित्र साधा नव्हे. वनस्पतींच्या नादापायी त्याने आयुष्यात पुष्कळ गमावले आहे; शिंदळ माकुडी रानात पाहावी ही त्याची जुनी इच्छा. पूर्वी दोनदा शिवनेरीस जाऊन तो फुलाविना परतला होता. आता गुडघे साथ देत नाहीत. तो म्हणाला, “म्हणजे मी चोर आहे?” आम्ही म्हटले, “तसे नाही. वचन आहे.” तो म्हणाला, “वचन तुझे, अविश्वास माझ्यावर.” आणि त्याने दूरध्वनी ठेवला.

त्याच्या बोलण्यात खोच होती, आणि ती आम्ही झटकून टाकू शकलो नाही. गुप्ततेचा नियम ज्याच्यासाठी केला जातो तो मनुष्य आपल्याला विचारण्यास येतच नाही. तो येतो रात्री, पिशवी घेऊन. नियमाचा जाच सोसतो तो सज्जन. आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक बोचली. ‘हे ज्ञान सर्वांस देण्याजोगे नाही, पात्रता पाहून द्यावे,’ हे वाक्य आमच्या तोंडी शोभते काय? ज्या समाजाने अधिकारभेदाच्या नावाखाली विद्येची दारे शतकानुशतके बहुसंख्यांस बंद ठेवली, त्याच समाजात आम्ही वाढलो. दारे बंद ठेवणाऱ्यांस तेव्हाही वाटत असे की आपण काही पवित्र वस्तू जपत आहोत. ज्यांच्या चार पिढ्यांनी त्या दारांवर धडका दिल्या, त्यांच्या श्रमांवर आमच्या महाविद्यालयांच्या इमारती उभ्या आहेत. आणि आम्ही, तेथलेच पगारी अध्यापक, एका कड्याभोवती नवी सोवळ्याची रेघ ओढावी, हे बरे नव्हे.

या आक्षेपावर आम्ही बरेच दिवस विचार केला. आम्हांस वाटते, ज्ञान आणि ठाव यांत भेद आहे. शिंदळ माकुडी कशी वाढते, कशाने मरते, तिला काय हवे, हे ज्ञान वाटल्याने घटत नाही. ते आम्ही वर्गात, लेखात, कोणालाही देऊ. पण ‘अमुक कड्याच्या अमुक कपारीत’ हे वाक्य निराळ्या जातीचे आहे. ते कळल्याने ऐकणारा अधिक शहाणा होत नाही, फक्त अधिक जवळ येतो. शेजाऱ्याच्या घरात मूल आहे हे सर्वांस ठाऊक असावे. ते संध्याकाळी कोणत्या वाटेने एकटे घरी येते हे सर्वांस ठाऊक असण्याची गरज नाही. वेदाचे अक्षर लाखांनी शिकल्याने झिजत नाही. कातळावरची दांडी मात्र एका हाताने निघते.

मित्राची पत्नी मध्यस्थीस आली, आणि तिने अधिक अवघड प्रश्न टाकला. ही वनस्पती, म्हणे, फांदीच्या तुकड्यापासून सहज रुजते. परदेशांतील हौशी लोकांच्या संग्रहांत ती कुंड्यांतून वाढते आहे. मग एवढी चिंता कशाची? कुंडीत आहे म्हणजे आहेच ना? हे खरे आहे, आणि वंश राखण्यासाठी कुंडीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तरी कोणी आम्हांस त्या दिवशी बाजारातली कुंडी दाखविली असती, तर दीड तास चढण चढून तेथे अर्धा तास उभे राहण्याइतके आम्ही वेडे नव्हतो. फूल तेच, मग उणे काय? कांटच्या १७९० सालच्या ग्रंथात एक उदाहरण आहे. निसर्गाच्या प्रेमिकास फसविण्यासाठी कोणी हुबेहूब कृत्रिम फुले जमिनीत रोवली, आणि ही लबाडी त्यास कळली, तर रूप जसेच्या तसे असूनही त्याची गोडी तत्काळ ओसरते. कुंडीतील रोप कृत्रिम नव्हे, हे कबूल. पण कुंडी आपल्यासाठी असते. पाणी आपण घालतो, ऊन आपण देतो, आणि फूल आले की ते आपल्याला आल्यासारखे वाटते. कड्यावरचे फूल आमच्यासाठी आलेले नव्हते. आम्ही वाटेत घसरून पडलो असतो तरी ते त्याच दिवशी, तितकेच तांबडे, उमलले असते. पन्नाशी उलटलेल्या, ज्याला घरी-दारी सतत कोणी ना कोणी ‘सर’ म्हणत असते अशा मनुष्यास ही जाणीव फार निरोगी आहे.

मौनाचीही एक किंमत आहे, आणि ती आम्ही लपवू इच्छीत नाही. ज्या कड्यावर काही आहे हे कोणासच ठाऊक नाही, त्या कड्यास उद्या रस्ता कापताना सुरुंग लागला तर हाकाटी कोण करणार? म्हणून कोणालाच न सांगणे हा काही मार्ग नव्हे. जंगलखात्यास ठाऊक असावे, अभ्यासकांस असावे, वाडीस तर असतेच. येथे आमच्या ध्यानात एक लाजिरवाणी गोष्ट आली. सांगावे की न सांगावे याचा खल विद्यार्थी करीत होता, आम्ही करीत होतो, मित्र रागावला होता. आणि ज्यांनी काठी वर केली त्या बाबांचे मत कोणीच विचारले नव्हते. जणू ते फूल डॅल्झेलने शोधले आणि आम्ही त्याचे वारस!

विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. तो घुटमळला, आणि मग म्हणाला, “बाबांना विचारा, सर. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही.” बाबांशी त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर बोलणे झाले. आम्ही लांबलचक प्रस्तावना केली. ती अर्ध्यावर तोडून ते म्हणाले, “माणूस चांगला हाय न्हवं? मग घेऊन या की. सांगायचं कशाला? आनायचं.”

आश्विन संपता संपता मित्रास घेऊन गेलो. दीड तासाच्या चढणीस साडेतीन तास लागले. दोनदा परत फिरण्याची भाषा झाली, एकदा त्याच्याकडून व एकदा आमच्याकडून. कातळाशी पोहोचलो तर फुले सरली होती. आम्हांस फार वाईट वाटले. मित्र दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिला, आणि मग त्याने दुर्बीण आमच्या हाती दिली. एका दांडीवर, शिंगांच्या जोडीसारख्या, दोन बारीक शेंगा धरल्या होत्या. बाबांनी त्या आधीच पाहिल्या होत्या, पण ते काही बोलले नव्हते.

उतरताना मित्र आमच्याशी फारसे बोलला नाही; बाबांशी मात्र शेळ्या, पाऊस आणि गुडघे यांविषयी पुष्कळ बोलला. एस. टी.च्या थांब्यावर चहा घेताना त्याने खिशातून टिपणवही काढली. गेली तीस वर्षे तो प्रत्येक झाडाखाली ठिकाण, उंची व तारीख लिहीत आला आहे. त्याने वनस्पतीचे नाव लिहिले, खाली ‘शेंगा दोन’ असे लिहिले, तारीख घातली, ठिकाणाची ओळ कोरी ठेवली आणि वही मिटून आणखी एक चहा मागविला.