पुन्हा न येणाऱ्या पाहुण्याचे ताट

पादुआला संत अंतोनींच्या दर्शनाला जाणारे आपल्यातील कित्येक जण जवळचे व्हेनिसही पाहून येतात. दुपारी प्रश्न पडतो, जेवायचे कुठे? हा प्रश्न केवळ पोटाचा आहे का?

मेनूतील फोटो दाखवून आपल्याला आत बोलावणाऱ्याला ठाऊक असते, हे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. गल्लीतल्या ‘बाकारो’त मात्र शेजारीपाजारी उभ्याउभ्या ‘चिकेत्ती’ खातात, म्हणजे पावाच्या तुकड्यावर सुक्या कॉड माशाचे फेटलेले सारण वगैरे. त्यांना फसवून धंदा टिकत नाही. म्हणून आपण तिथे जावे, हे शहाणपण झाले. पण गिऱ्हाईक परत येईल म्हणून पाळलेली सचोटी हा सद्गुण म्हणावा का? संत थॉमस अक्वायनस कृतीसोबत हेतूही तपासतात. खरी परीक्षा अनोळखी माणसाच्या ताटापाशीच होते.

महाग म्हणजे लबाड, असेही नव्हे. संत मार्क चौकातले १७२० सालचे ‘फ्लोरियान’ संगीताचे वेगळे पैसे घेते, पण ते आधी सांगून. रियाल्तोचा मासळीबाजार रविवारी-सोमवारी बंद असतो. सोमवारी ‘ताजी मासळी’ म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत.

जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. रोजचे गिऱ्हाईकच उरले नाही तर सचोटी कुणासाठी पाळायची?

आणि आपणही तिथे पुन्हा न येणारेच. पुलाच्या पायरीवर बसून डबा उघडला तर दंड होतो. त्याच पायऱ्यांवरून कुणाची तरी आजी बाजाराची पिशवी घेऊन चढत असते.