एम २०.३

वालीवच्या एका कारखान्यात रंग मिसळायची लाइन आहे. तिचा प्रोग्रॅम लिहिणारे काका एव्हरशाईन सिटीत राहतात. रिले पॅनेलच्या जमान्यात एका बुजुर्ग वायरमनने त्यांना हाताशी धरून शिकवलं. पुढे पीएलसी आला, म्हणजे रिलेंऐवजी प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर. तोही जड गेला नाही. १९६९च्या सुमारास अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन हा पीएलसी आणला, तेव्हा त्याची लॅडर भाषा रिलेच्या आकृत्यांसारखीच ठेवली होती. जुन्या वायरमनलाही ती वाचता यावी म्हणून.

काकांनी मात्र आपलं काम कुणाला वाचू दिलं नाही. लाइनवरच्या सीमेन्सच्या एस७-३०० या पीएलसीमधून प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवला तरी नावं आणि कॉमेंट उतरत नाहीत. ती मूळ फाइलमध्येच राहतात. ती फाइल फक्त काकांकडे. "माझ्याशिवाय लाइन हलत नाही," असं ते अभिमानाने सांगत.

एका जुलैत रात्रभर पाऊस कोसळला. एव्हरशाईन सिटीत गुडघ्याच्या वर पाणी, वीज गेलेली, काकांचा फोन बंद. इकडे लाइन थांबली. नवी इंजिनिअर पायथन, नेटवर्क, क्लाउड सगळं शिकून आलेली. तिने लॅपटॉप जोडला. गाडं अडलं होतं एम २०.३ या बिटवर. माग काढत ती एका इनपुटपाशी पोचली, पण वायरींवर नंबर नव्हते आणि ड्रॉइंग काकांच्या घरी.

"फोर्स करा ना मॅडम, चालू तर होऊ दे," सुपरवायझर म्हणाला. म्हणजे सिग्नल येत नसला तरी तो आला असं पीएलसीला जबरदस्तीने मानायला लावा.

तिने ठाम नकार दिला. बिट कशासाठी आहे हे ठाऊक नसताना त्याला हात लावायचा नाही, हेच या धंद्यातलं सगळ्यात मोठं कौशल्य. कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरने ते जुनं केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्यातून वाट काढत काका आले. "टाकीच्या झाकणाचा लिमिट स्विच. पाणी शिरलं असणार." स्विच बदलला, लाइन सुरू झाली. कौतुकाच्या अपेक्षेने ते वळले, तर समोर हेल्पर उभे होते. रोजंदारीवरची माणसं, लाइन बंद म्हणून आदल्या दिवशी त्यांना परत पाठवलं होतं, रोज बुडाला होता. त्यांतल्याच एकाचं बोट पूर्वी उघड्या टाकीत पात्याखाली गेलं होतं. त्यानंतरच काकांनी तो स्विच बसवला होता.

"काल फोर्स केलं असतंस तर?" काकांचा आवाज बसला.

"म्हणूनच नाही केलं, काका. पण हे कुठे लिहिलेलंच नव्हतं."

त्याच संध्याकाळी काका सांगत गेले, ती लिहीत गेली. एस७-३०० मालिका ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत असल्यामुळे लाइन नव्या पीएलसीवर न्यायचीच होती. ते काम दोघांनी मिळून केलं, आणि जेवणाच्या सुट्टीत काका तिच्याकडून स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही पीएलसीची दुसरी भाषा शिकले.

आता प्रत्येक बिटाला नाव आहे आणि ते का आहे हेही शेजारी लिहिलेलं आहे. लाइन नेटवर्कला जोडली असल्याने प्रोग्रॅमला पासवर्ड आहे. तो तिघांना माहीत आहे.